हात निखळला? आधी नाडी बघा

कोल्हापुरात पोर पडणं यात नवल काही नाही. तालमीच्या लाल मातीत पडतं, गांधी मैदानात फुटबॉलमागं पळताना पडतं, जूनमध्ये जांभळाच्या फांदीसकट खाली येतं, नागपंचमीच्या झोक्यावरनं सुटतं. बहुतेक वेळा कपडे झटकून उठतं आणि पुन्हा खेळायला लागतं. पण एखाद्या दिवशी ते उठत नाही. हात पोटाशी धरून बसतं. कोपर भलतंच वाकडं दिसतं, बघता बघता सुजतं. भोवती चार माणसं जमतात. त्यातला एक जण बाह्या सरसावतो आणि म्हणतो, "काय नाही, हात निखळलाय. एक हिसका दिला की बसतोय."

त्या माणसाला थांबवा. हात जोडून सांगतो, थांबवा. आणि त्याच क्षणी पोराच्या मनगटाला दोन बोटं लावून नाडी लागते का ते बघा.

दंडातून येणारी मोठी रक्तवाहिनी कोपराच्या पुढच्या बाजूनं, हाडाच्या अगदी जवळून खाली उतरते. मनगट, पंजा, पाची बोटं, सगळ्यांचं रक्त तिच्यावर चालतं. सांधा निखळला किंवा कोपराच्या वर हाड मोडलं, की हाडाचं टोक तिच्यावर येतं. ती ताणली जाते, चेपते, आतून चिरते, कधी तुटते. बाहेर मात्र रक्ताचा थेंब दिसत नाही. पाटाचं दार पडलं की शेवटच्या सरीतला ऊस वाळतो, आणि बांधावरून जाणाऱ्याला पहिल्या दिवशी ते कळतही नाही. हाताचंही तसंच होतं. फरक एवढाच की उसाला काही दिवस मिळतात. हाताला तास मिळतात. रक्त पूर्ण थांबलं तर साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात. मज्जातंतू त्याहून लवकर दुखावतात. आणि ते तास तुम्ही दवाखान्यात पोचल्यापासून मोजायचे नसतात. पोर पडलं त्या मिनिटापासून मोजायचे असतात.

म्हणून घड्याळ बघा. किती वाजता पडलं ते लक्षात ठेवा, नाहीतर पेनानं स्वतःच्या तळहातावर लिहा. डॉक्टरांना पहिल्यांदा हीच गोष्ट सांगायची आहे.

नाडी बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आज रात्री जेवणं झाली की आपल्या पोराला जवळ घ्या आणि शिका. तळहात वर करा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या घडीच्या जरा वर, आतल्या बाजूला आपली तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, त्यात तुमचीच नाडी लागते. जोरानंही दाबू नका, पोराची रक्तवाहिनी बारीक असते, दाबली की बंद पडते. थोडं इकडं, थोडं तिकडं सरका. एक बारीकशी उडी बोटाला लागेल, तुमच्या नाडीपेक्षा वेगानं. सापडली? आता दुसऱ्या हाताची शोधा. मग नख दाबा. नख पांढरं पडेल. सोडलं की दोनेक सेकंदांत पुन्हा लाल व्हायला पाहिजे. गालावर पोराचा पंजा ठेवून ऊब बघा. हे सगळं निरोगी हातावर एकदा केलंत की दुखऱ्या हातावर फरक ओळखता येतो. दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघायचं, बस्स. मार लागलेला हात गार आहे, पांढुरका किंवा निळसर आहे, नख परत लाल व्हायला वेळ लागतोय, बोटांत मुंग्या आहेत, बोटं हलत नाहीत, नाडी लागत नाही: यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका. सगळी लक्षणं गोळा व्हायची वाट बघू नका.

आणि एक गोष्ट फार फसवी आहे. पोरांच्या हातात मुख्य वाटेशिवाय रक्ताच्या बारीक आडवाटा भरपूर असतात. त्यामुळे मुख्य रक्तवाहिनी अडली तरी पंजा गुलाबी आणि कोमट राहू शकतो. नाडी मात्र लागत नाही. बघणारा म्हणतो, रंग तर चांगला आहे. नका मानू. गुलाबी हात आणि नाडी नाही, तरीही दवाखाना आजच, आत्ताच. नाडी लागली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. कोपर वाकडं आहे तर एक्स-रे लागणारच.

लहान पोराला नीट सांगता येत नाही. पाच-सहा वर्षांचं लेकरू "हात बधिर झाला" असं म्हणत नाही. ते नुसतं चिडतं, कुणालाच जवळ येऊ देत नाही, वाढत्या आवाजात रडतं. नाहीतर एकदम गप्प होतं. रडं थांबलं म्हणजे बरं वाटलं, असं धरून चालू नका. बधिर झालेला हातही दुखत नाही.

फक्त कोपराचंच हे आहे असं नाही. गुडघ्यामागून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि ती तिथं जखडल्यासारखी असते, तिला सरकायला जागा नसते. दुचाकीवरून पडलेल्या, ट्रॅक्टरचा धक्का बसलेल्या पोराचा गुडघा निखळून आपोआप जागेवरही येतो, आणि वरून पाहिलं तर नुसती सूज दिसते. वयात येणाऱ्या मुलांत सांध्याऐवजी गुडघ्याखालच्या हाडाचं वाढतं टोक सरकतं, धोका तोच. तिथं नाडी पायाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागं बघा. खुब्याचं आणखी वेगळं. तीन-चार वर्षांच्या पोराचा खुबा घरातल्या घरात पाय घसरूनही निखळू शकतो. तो लवकर बसवला नाही तर खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं आणि तो पुढं झिजत जातो. पाय आत वळवून पडलेलं, हलवू न देणारं पोर उचलून कडेवर घेऊ नका. आडवंच न्या.

आता हाडवैद्यांबद्दल. आपल्याकडं घराघरात त्यांच्यावर विश्वास आहे, आणि तो हवेतून आलेला नाही. दोन-तीन वर्षांच्या पोराला रस्ता ओलांडताना हाताला धरून ओढलं की कोपराचं एक छोटं हाड किंचित सरकतं. पोर हात लोंबता ठेवतं. जाणत्या माणसानं हात जरा फिरवला की टक् होतं आणि पाच मिनिटांत पोर त्याच हातानं बिस्कीट खातं. हे कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात सूज नसते, हाड वाकडं नसतं, रक्तवाहिनीला धोका नसतो. पण त्याच विश्वासानं आपण झाडावरून पडलेलं, कोपर सुजून टम्म झालेलं पोर तिथंच नेतो, आणि इथं घात होतो. दिसायला दोन्ही "हात निखळला" असलं तरी दुखणी वेगळी आहेत. एक्स-रे न काढता ओढलं तर चेपलेली रक्तवाहिनी फाटू शकते. वरून लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर आवळून पट्टी. आत सूज वाढत जाते आणि तिला पसरायला जागा राहत नाही.

हाडवैद्यांनो, तुम्हालाही कळकळीनं सांगणं आहे. तुमच्या दारात येणाऱ्याचा तुमच्यावर जीव आहे. तुम्ही "हे माझं काम नाही, सीपीआर रुग्णालयात जा" म्हणालात तर तो ऐकतो. डॉक्टरांचं एक वेळ ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. सुजलेलं, वाकडं कोपर दिसलं की हात लावू नका. "हे माझं काम नाही" एवढं वाक्य बोला. तुमच्या एका वाक्यानं एक हात वाचतो.

वाचला नाही तर काय होतं, तेही बघायला हवं. मनगट आत वळून बसतं. बोटं मुडपतात आणि तशीच राहतात. बोट सरळ करायला गेलं तर मनगट आणखी वाकवावं लागतं, मनगट सरळ केलं की बोटं पुन्हा मिटतात. कोपराखालचा हात वाळून काठीसारखा होतो. त्या हातानं भाकरीचा तुकडा मोडता येत नाही. सदऱ्याचं बटण लावता येत नाही. वेणी घालता येत नाही. जर्मनीतल्या हाले गावच्या रिशार्ड फोन फोल्कमान या सर्जननं 1881 मध्ये अशा हातांचं वर्णन केलं आणि बोट ठेवलं ते आवळून बांधलेल्या पट्ट्यांवर. आजही या दुखण्याला त्याचंच नाव आहे. त्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. ज्या चुकीवर त्यानं तेव्हा बोट ठेवलं, ती आपल्या घरात होऊ देऊ नका.

तुमच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. हात जसा आहे तसाच, त्याच वाकात आधारानं बांधा. शाळेच्या दोन वह्या, पुठ्ठा, घडी केलेलं वर्तमानपत्र, वर आईची ओढणी, एवढं पुरतं. सरळ करायला जाऊ नका. तेल चोळू नका, शेकू नका, बर्फ थेट लावू नका. बांगड्या, कडं, घड्याळ, हातातला गंडादोरा सुजायच्या आत काढा, निघत नसेल तर कापा. गंडा देवाचा आहे म्हणून थांबू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. पोर घाबरलंय, साखरपाणी पाजू, चहा-बटर देऊ, ही आपली माया असते. पण भूल द्यायची वेळ आली तर भरल्या पोटामुळं ऑपरेशन लांबू शकतं. ओठ ओले करा, बास. आणि 108 ला फोन लावा. रुग्णवाहिका फुकट आहे. ती येईपर्यंत वेळ जाणार असेल आणि दारात गाडी उभी असेल तर गाडीनं निघा. वाटेत दर दहा मिनिटांनी बोटं बघा.

कुठं जायचं हे आजच ठरवून ठेवा. शहरात दसरा चौकाजवळ सीपीआर आहे, आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. शिरोळ-कुरुंदवाडकडच्यांना मिरज जवळ पडतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, बेळगाव त्याहून बरंच जवळ. गगनबावड्याहून यायचं तर पंचावन्न किलोमीटर आणि पावसाळ्यात पाणी रस्त्यावर. 2019 आणि 2021 च्या पुरात महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता, हे कुणी विसरलेलं नाही. लांबच्या माणसाला चुकीच्या दारात घालवायला तास नाहीत. म्हणून पहिल्याच दवाखान्यात स्पष्ट विचारा: नाडी लागते का? हाड बसवायची सोय इथं आहे का? रक्तवाहिनी जोडणारे सर्जन आहेत का? नसतील तर आत्ताच कुठं पाठवता, आणि तिथं तुम्ही फोन करता का? हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो.

पैशाची भीती मी जाणतो. ती खरी आहे. पण सरकारी रुग्णालयात त्यासाठी अडून बसू नका, आणि योजनेतल्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र असतो, त्याला गाठा. रेशनकार्ड, आधारकार्ड घरचं कुणीतरी मागून घेऊन येऊ दे. कागद शोधण्यात पहिला तास घालवू नका.

आणि सही करायला कुणासाठी थांबू नका. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घरांत निर्णय एकटी आई घेत नाही. "त्यांना शेतातनं येऊ दे." "मोठे मामा पुण्यासनं निघालेत, त्यांना विचारू." डॉक्टर ऑपरेशनचं सांगत असतात आणि आई पदराचं टोक पिळत दाराकडं बघत असते. आजोबा, काका, मामा, तुम्ही तिला आज घरात सगळ्यांसमोर सांगून ठेवा: असं काही झालं तर कुणाची वाट बघू नको, सही कर.

ऑपरेशन म्हणजे काय करतात? बऱ्याच पोरांत भूल देऊन हाड जागेवर बसवलं, तारांनी धरलं, की अडकलेली रक्तवाहिनी सुटते आणि टेबलावरच नाडी परत येते. हात तरीही पांढरा, गार राहिला तर कोपरापुढं चीर देऊन रक्तवाहिनी मोकळी करतात. फाटली असेल तर शिवतात, नाहीतर पायातल्या शिरेचा तुकडा तिथं जोडतात. पोरांची रक्तवाहिनी काही मिलीमीटरचीच, जरा धक्का लागला की आकसते. काम नाजूक आहे, पण होतं. फ्रान्समधल्या लियॉनच्या आलेक्सी कारेल या सर्जननं तर भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई-दोरा शिकून रक्तवाहिनी शिवायची रीत बसवली. 1912 साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, आणि त्याच साली शाहू महाराजांचं खासबाग कुस्ती मैदान पुरं झालं. आपण कुस्तीचं केवढं कौतुक जपलं! त्या शिवणकामाचा उपयोग कुस्ती खेळणाऱ्या पोरांना व्हावा, एवढंच मागणं आहे. कधी सूज उतरावी म्हणून कोपराखालच्या हाताला लांब चीर देऊन ती काही दिवस उघडी ठेवतात. बघून पोटात गोळा येतो. घाबरू नका, तिथून पोराला उठवून घरी आणू नका. त्या चिरेमुळंच हात जगतो.

तालुक्याच्या डॉक्टरांनो, तुमच्यावर गर्दीचा केवढा ताण असतो ते दिसतं. तरी एवढं करा. नाडी हाड बसवण्याआधी बघा, नंतर बघा, दोन्ही वेळा वेळेसकट कागदावर लिहा. लागत नसेल तर तपासण्यांत वेळ न घालवता पुढं पाठवा, आणि पुढच्या सर्जनला फोन करा. "सकाळी बघू" हे शब्द या एका दुखण्यापुरते विसरा.

वस्ताद, तुमच्याकडं वेगळं मागणं आहे. गंगावेशीपासून मोतीबागेपर्यंत, गल्लीतल्या छोट्या तालमीतसुद्धा, पोरं तुमचा शब्द आई-बापाच्या आधी मानतात. "मर्दा, रडतोस काय" म्हणून तुम्ही त्यांना घडवता. पण कोपर किंवा गुडघा निखळला त्या वेळी त्यांना रडू द्या, बोलू द्या, बोटांत काय होतंय ते विचारा. एका जाणत्या पैलवानाला नाडी बघायला शिकवा. शाळेतल्या सरांनी, बाईंनी, फुटबॉलच्या मंडळांनीही शिकावं. मैदानावर पोरापाशी पहिल्यांदा तुम्हीच पोचता.

आणि उसाच्या हंगामात ज्यांच्या शेतावर टोळी उतरते, त्या शेतकऱ्यांनो, मुकादमांनो, चिठ्ठीबॉयनो: बीडकडून आलेल्या त्या माणसांची लेकरं तुमच्या बांधावर, तुमच्या ट्रॉलीखाली खेळत असतात. ट्रॉलीवरून, बैलगाडीवरून पडणारं पोर बहुतेक त्यांचंच. त्यांना सीपीआर माहीत नाही, इथं कुणी पाहुणा नाही, एक खाडा पडला तर उचल फिटत नाही. ते लेकराला कोपीत निजवतील आणि पहाटे कोयता घेऊन फडात जातील. तुम्ही फोन करा. तुम्ही गाडीत बसवा. एकानं सोबत जा आणि दवाखान्यात त्यांच्या वतीनं बोला. कोल्हापूरचा माणूस पुरात होडी घेऊन अनोळखी घरापाशी जातो, तो एवढं करणार नाही असं मला वाटतच नाही.

शेवटचं, आणि यातच सगळ्यात जास्त चूक होते. हाड बसलं, प्लास्टर झालं, पोर घरी आलं, म्हणजे संपलं असं नाही. पहिले दोन दिवस धोक्याचे असतात, कारण सूज आतून चढत असते. दर तासाला बोटं बघा, रात्रीसुद्धा, घड्याळ लावून. बोटं हलव म्हणा. एक एक बोट हळूच सरळ करून बघा. तसं करताना पोर किंचाळलं, औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, बोटं टम्म, गार किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका. "प्लास्टर नवं आहे, दुखणारच" असं शेजारच्या काकू म्हणतील. त्यांचं ऐकू नका. हात उशीवर छातीच्या उंचीला ठेवा, फार उंच टांगू नका. पट्टी कापडी असेल आणि आवळली असेल तर आधार तसाच ठेवून ती सैल करा. आणि निघा. रात्रीचे दोन वाजले असले, पाऊस असला, डॉक्टर झोपले असतील असं वाटलं, तरी निघा. अपघात विभागाच्या दारात जाऊन म्हणा, "पोराची बोटं गार पडलीत, प्लास्टर आत्ता सोडून बघा." बघेपर्यंत तिथून हलू नका.